प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि संसर्ग

- ही औषधे कशासाठी? शरीराने प्रत्यारोपित अवयव नाकारू नये म्हणून. संधिवात, ल्युपससारख्या आजारांतही. उदा. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, अॅझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन.



- उगम: टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूत सापडले. अमेरिकेत मान्यता 1994.

- संसर्गाच्या जोखमीचा काळ: प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने.

- ताप: 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडमुळे ताप दबूही शकतो. धाप, लघवीची जळजळ, चिघळणारी जखम हीही संसर्गाची लक्षणे.

- गोळ्या: स्वतःहून बंद करू नयेत. गंभीर संसर्गात मात्रा कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात.

- औषधांचा मेळ: प्रतिजैविक क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीरोधक फ्लुकोनाझोलने रक्तातील टॅक्रोलिमस वाढते, क्षयावरील रिफाम्पिसिनने घटते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेटसोबत प्रतिजैविक कोट्रायमोक्साझोल धोक्याचे. आयब्युप्रोफेन व टॅक्रोलिमस एकत्र घेतल्यास मूत्रपिंडावर ताण.

- लसी: फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी या निष्क्रिय लसी चालतात. गोवर, कांजिण्या, बीसीजी, तोंडावाटे पोलिओ या जिवंत लसी सहसा टाळतात.

- क्षय: भारतात सुप्त संसर्ग सर्रास आढळतो. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी आवश्यक.

- रोजची काळजी: उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, हात धुणे, कच्चे अंडे व न तापवलेले दूध वर्ज्य.