तोत्तोचानच्या शाळेबद्दलच्या ऐकीव गोष्टी

बालशिक्षणाचा विषय निघाला की मराठी घरात तोत्तोचान येतेच. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद वाचून शाळा काढायच्या विचाराने झपाटलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. मात्र या पुस्तकाभोवती काही समजुती अशा साचल्या आहेत की शाळा काढणाऱ्याला त्या महागात पडाव्यात.

पहिली, ती कादंबरी आहे ही. नाही. तेत्सुको कुरोयानागी या जपानच्या नामवंत अभिनेत्री आणि दूरचित्रवाणी निवेदिका. जन्म १९३३चा. १९८१मध्ये त्यांनी, म्हणजे लहानपणीच्या तोत्तोचाननेच, आपल्या शाळेच्या आठवणींचं हे पुस्तक केलं. टोकियोच्या जियुगाओका भागातली तोमोई शाळा आणि तिचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी हे दोन्ही खरे. उलट ज्या चित्रांवरून तोत्तोचान आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती तिची नाहीत. चित्रकर्त्या चिहिरो इवासाकी १९७४मध्येच वारल्या. पुस्तकासाठी त्यांच्या जुन्या चित्रांतून निवड झाली.

दुसरी समजूत जास्त घातक. "मुलांवर माया हवी, बाकी प्रशिक्षण-बिशिक्षण दुय्यम. कोबायाशींनी काय बी.एड. केलं होतं?"

कोबायाशींचा जन्म १८९३चा, गुन्मा प्रांतातल्या गरीब शेतकरी घरातला. प्राथमिक शिक्षण संपताच सहायक शिक्षकाची नोकरी धरावी लागली. ती करता करता त्यांनी शिक्षकाचा परवाना मिळवला, मग टोकियोत येऊन शिकवता शिकवता संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं. सेइकेइ नावाच्या शाळेत संगीतशिक्षक झाले. सकाळी अभ्यास, दुपारी भटकंती आणि झाडंझुडपं गोळा करणं ही पद्धत तिथे मुख्याध्यापक नाकामुरा यांनी रुजवलेली होती. तोमोईतली दुपारची फेरी आपल्याला कोबायाशींची लहर वाटते; तिचं मूळ हे असं दुसऱ्याच्या शाळेत आहे.

१९२३मध्ये, तिशीत, ते युरोपला गेले. मित्सुबिशी उद्योगाच्या इवासाकी घराण्यातल्या धनिकाने खर्च उचलला होता. तिथल्या शाळा पाहिल्या आणि पॅरिसमध्ये एमिल जाक-दालक्रोझ यांच्याकडे तालातून शिकण्याची पद्धत वर्षाहून अधिक काळ शिकले. १९२५मध्ये परतून सेइजो शाळेची बालवाडी उभी करायला हातभार लावला. १९३०मध्ये पुन्हा युरोप. स्वतःची शाळा सुरू केली ती १९३७मध्ये. म्हणजे पहिल्या युरोपवारीपासून मोजली तरी चौदा वर्षं. आपल्याकडे ताराबाई मोडकांची वाटही अशीच. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाईंकडे शिकायला गेल्या होत्या. माया दोघांकडेही भरपूर होती. पण पियानोसमोर बसून ताल बदलायचा आणि वर्गभर अनवाणी चालणाऱ्या मुलांनी हात एका ठेक्यात, पाय दुसऱ्या ठेक्यात टाकायला शिकायचं, हे मायेने जमत नाही.

कोबायाशी शिक्षकांनाही मोकळं सोडत नसत. शरीराच्या ठेवणीवर तास चालू असताना माणसाच्या शेपटीच्या अवशेषाचा विषय निघाला आणि वर्गाच्या बाईंनी ताकाहाशी या मुलाला गमतीने विचारलं, तुला शेपूट आहे का? ताकाहाशीची उंची वाढणार नव्हती. नंतर स्वयंपाकघरात मुख्याध्यापक बाईंना संतापून बोलले. ते तोत्तोचानच्या कानावर पडलं, म्हणून आपल्याला कळलं. मुलांसमोर एक शब्द नाही. पुस्तकातलं कोबायाशींनी तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेणं सगळ्यांना पाठ असतं. स्वयंपाकघरातला हा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. शिक्षक घडवायचे असतील तर मला तो अधिक कामाचा वाटतो.

तिसरी समजूत: "तिथे अभ्यासक्रमच नव्हता, मुलं वाटेल ते करायची." दिवसाचे सगळे विषय बाई सकाळी फळ्यावर लिहून द्यायच्या. सुरुवात कशाने करायची ते मुलाने ठरवायचं, करायचे मात्र सगळेच. मूल कशाकडे आधी वळतं यावरून बाईंना त्याचा कल कळे. सभागृहाच्या जमिनीवर मुलं पोटावर पडून खडूने स्वरांच्या खुणा लिहीत आणि तास संपला की तीच जमीन घासूनपुसून साफ करीत. पुसायचा खटाटोप माहीत असल्याने भलत्या ठिकाणी रेघोट्या मारायची हौस त्यांना उरली नाही.

आगगाडीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. तिथे वापरातून काढलेले सहा खरे डबे होते. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर हौसेने डबे रंगवतात, दिसतातही छान. पण तोमोईची गंमत डब्यांत कमी आणि आकड्यात जास्त होती: सगळी मिळून पन्नासेक मुलं, तोत्तोचानच्या वर्गात नऊ. जपानी बालवाडीच्या एका वर्गात बरीच वर्षं नियमाने ३५पर्यंत मुलं चालत.

तोमोई एकाकी चमत्कारही नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानात मुक्त शिक्षणाची लाटच होती: सेइकेइ, सेइजो, जियु गाकुएन, तामागावा. कोबायाशींनी घेतली ती जागासुद्धा किशिए तेझुका यांच्या जियुगाओका गाकुएन या प्रयोगशील शाळेची, आणि त्या भागाला नावही त्या शाळेवरूनच पडलेलं. आणि आजची जपानी बालवाडी म्हणजे लष्करी शिस्त, तिसऱ्या वर्षापासून अक्षरं गिरवणं, हाही गैरसमजच. सरकारी मार्गदर्शिकेत आरोग्य, माणसांशी नातं, परिसर, भाषा आणि अभिव्यक्ती अशी पाच क्षेत्रं आहेत. भर खेळावर आहे, स्वतंत्र लेखन-गणिताचा तास नाही.

उरली शेवटची: सरकारने शाळा बंद पाडली. १९४५च्या हवाई हल्ल्यात ती जळाली. आग बघत उभ्या असलेल्या कोबायाशींनी शेजारी उभ्या आपल्या मुलाला विचारलं होतं, आता कसली शाळा काढूया? युद्धानंतर त्याच जागी त्यांनी बालवाडी सुरू केली. सोबत कुनिताची संगीत महाविद्यालयात बालशिक्षणाचा विभाग उभारायला मदत केली आणि तिथे शिकवू लागले. १९६३मध्ये ते गेले. प्राथमिक शाळा पुन्हा उभी राहिली नाही.