पाच शब्दांची कांजी

चेन्नई महानगरातील अंबत्तूर येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत स्थापन झाली. जवळच्याच पाडी येथील सुंदरम-क्लेटन कारखान्याच्या ब्रेक विभागाने १९९८ साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळविले. जपानी कार्यपद्धती स्वीकारणाऱ्या अशा कारखान्यांतून सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु व शित्सुके हे पाच शब्द कामगारांच्या कानांवरून नित्य जातात. निवड, मांडणी, झाडलोट, स्वच्छता आणि शिस्त हे त्यांचे अर्थ होत. रोमन लिपीत पाचांचाही आरंभ 'एस' या अक्षराने होतो. परंतु मूळ जपानी लेखनात हे साम्य दिसत नाही. तेथे निराळीच नाती दिसतात.

जपानी भाषेने चीनकडून घेतलेल्या चिन्हांना 'कांजी' म्हणतात. (तमिळ माणसाची कांजी म्हणजे पेज, तिचा येथे संबंध नाही.) देवनागरी अक्षर ध्वनी दाखविते, कांजी अर्थयुक्त शब्द दाखविते. '५' हा अंक मराठी वाचक 'पाच' असा वाचतो, तमिळ वाचक 'ऐन्दु' असा. तसाच हा प्रकार. त्यामुळे एकाच चिन्हाचे उच्चार अनेक संभवतात. पाण्याचे चिन्ह एकटे असता 'मिझु', सामासिक शब्दात बहुधा 'सुइ'. आपणही सुटे 'पाणी' म्हणतो, पण समासात 'जलाशय' म्हणतो. मात्र आपल्याकडे लेखनही बदलते, तेथे चिन्ह तेच राहते.

जपानी शासनाच्या २०१० सालच्या नित्योपयोगी यादीत २,१३६ कांजी आहेत. प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे घोकणे कष्टाचे. म्हणून त्याचे घटक ओळखावयाचे असतात. सेइसो व सेइकेत्सु यांचे पहिले चिन्ह एकच आहे. त्याच्या डावीकडील तीन लहान रेघा पाणी सुचवितात आणि उजवीकडील 'निळा' या अर्थाचे चिन्ह 'सेइ' हा उच्चार पुरविते. पाण्याच्या जागी सूर्य ठेवला की निरभ्र आकाशाचे चिन्ह होते, वाणीचे चिन्ह ठेवले की विनंतीचे. उच्चार 'सेइ' हाच राहतो. सेइरी आणि सेइतोन यांच्या आरंभीही 'सेइ' आहे, पण ते चिन्ह वेगळे असून त्याच्या तळाशी 'योग्य' या अर्थाचे चिन्ह बसलेले आहे. कानाला जे चार शब्द एकसारखे वाटतात, त्यांच्या दोन जोड्या डोळ्यांना अशा स्पष्ट दिसतात.

शित्सुके मात्र एकटाच. त्याच्या चिन्हात 'शरीर' आणि 'सुंदर' ही दोन चिन्हे शेजारी बसविली आहेत. हे चिन्ह चीनमधून आलेले नाही; ते जपानमध्येच घडले. नित्योपयोगी यादीत ते नसल्याने हा शब्द पुष्कळदा ध्वनिलिपीतच लिहिलेला आढळतो.