मित्रांसोबत हॉरर शॉर्ट फिल्म करताय? आधी ठरवा, ती दाखवायची कोणाला



"सर, आम्ही चौघं मिळून हॉरर शॉर्ट फिल्म करतोय. बजेट किती ठेवू?" असं मला बरेच जण विचारतात. माझा उलटा प्रश्न एकच असतो: फिल्म झाल्यावर ती कोणाला दाखवणार? बजेट त्या उत्तरावर ठरतं.

एक खरं उदाहरण बघा. १९७८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सॅम रेमी नावाच्या कॉलेजच्या वयाच्या मुलाने मित्रांना घेऊन 'विदिन द वुड्स' नावाची अर्ध्या तासाची हॉरर फिल्म केली. खर्च सुमारे १,६०० डॉलर. कॅमेरा सुपर ८, म्हणजे तेव्हा लोक घरगुती शूटिंगला वापरायचे तो. मुख्य भूमिकेत शाळेपासूनचा मित्र ब्रूस कॅम्पबेल, निर्मितीची बाजू रॉबर्ट टॅपर्टकडे.

या फिल्मच्या तिकिटांवर कमवायचं, असा त्यांचा बेत नव्हताच. मोठ्या सिनेमासाठी पैसे लावू शकतील अशा डॉक्टर-वकिलांना दाखवायचा तो नमुना होता. फरसाणवाला तुमच्या हातावर चिमूटभर शेव ठेवतो ना, तसं! चिमटीचे पैसे मिळत नाहीत, पण किलोची ऑर्डर तीच आणते. जमलेल्या पैशांतून 'द इव्हिल डेड' सुरू झाला आणि १९८१ मध्ये डेट्रॉइटला पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे याच रेमीने २००२ चा 'स्पायडर-मॅन' दिग्दर्शित केला.

'इव्हिल डेड'मध्येही काटकसर चालूच होती. कॅमेरा सरकवायची महागडी यंत्रणा नव्हती, म्हणून फळीवर कॅमेरा बसवला आणि दोघं दोन टोकं धरून जंगलातून पळाले. पडद्यावर वाटतं, भूतच धावतंय! रक्त बनवलं कॉर्न सिरप आणि खाण्याच्या रंगाचं.

आता तुमचा हिशोब मांडूया.

१. जागा एकच घ्या. गावाकडचा बंद वाडा किंवा मित्राचं रिकामं घर चालेल. मालकाची परवानगी लेखी घ्या. शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री किंकाळ्या ऐकून कोणीतरी पोलिसांना फोन करेल.

२. आवाजावर खर्च करा. चित्रीकरण मोबाईलवर चालून जातं, पण लांबून आलेला संवाद चालत नाही. कॉलर माइक वापरा, पंखा-फ्रिज बंद ठेवा. दाराची करकर, पावलं नंतर वेगळी रेकॉर्ड करा. कुठल्या सिनेमाचं म्युझिक उचलू नका, कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

३. खर्च आधी वहीत लिहा. समजा चौघांनी पाच-पाच हजार काढले, म्हणजे २०,००० रुपये. जेवण, चहा, प्रवास ६,०००. माइक आणि लाइट भाड्याने ५,०००. मेकअप आणि सामान ३,०००. एडिटिंग ३,०००. उरलेल्या ३,००० ला हात लावायचा नाही, ते अडचणीसाठी. आणि हो, जेवणात कंजूषी नको. फुकट काम करणारा मित्र रात्री दोन वाजता उपाशी असेल, तर दुसऱ्या रात्री तो येणार नाही.

४. सगळं कागदावर आणा. "मित्रांत कसलं लिहायचं?" असं वाटेल. पण फिल्म कोणाच्या नावावर, मूळ फुटेज कोणाकडे, पैसे आले तर वाटा किती, कोणी मध्येच सोडलं तर काय, हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. पैसे बुडाले तर मित्र एकमेकांना सांभाळून घेतात. फिल्म चालली आणि "कल्पना तर माझी होती" सुरू झालं, की दहा वर्षांची मैत्री आठवड्यात मोडू शकते.

शेवटचं काम सगळ्यात आधी करायचं. ही फिल्म ज्यांना दाखवाल अशी दहा नावं लिहा: जाहिरात करून घेऊ शकणारे दुकानदार, कार्यक्रमांचे आयोजक, फिल्म फेस्टिव्हल, पुढच्या फिल्मला पैसे लावू शकणारे ओळखीचे. प्रत्येक नावासमोर, तुम्ही त्यांच्याकडे काय मागणार तेही लिहा.

दहा नावं झाली की शूटिंगची तारीख काढा. होत नसतील, तर तुमचे पाच हजार अजून खिशातच राहू द्या.