कलाकृती विक्रीस देताना

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे सर्वपरिचित आहे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीही ते ओळखले जाते. गावातून शहरातील दुकानात जाणारी मूर्ती असो वा मुंबईच्या कलादालनात मांडलेले शिल्प असो, कलाकृती कलावंताच्या हातून जाते, पैसे मात्र नंतर यावयाचे असतात. व्यवहार केवळ शब्दावर झाला, तर किती नग दिले, कोणत्या दराने विकले गेले, वाटेत भंगलेल्यांचे नुकसान कोणी सोसावयाचे, या प्रश्नांना पुरावा उरत नाही.

कायदा अशा व्यवहारांत भेद करतो. कमिशन घेऊन कलावंताच्या वतीने विक्री करणारा हा १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार त्याचा अभिकर्ता होय. मागणी होताच हिशेब देणे आणि आपले कमिशन वजा करून आलेली रक्कम सुपूर्द करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘विका अथवा परत करा’ या बोलीने माल दिला असल्यास १९३० चा वस्तुविक्री अधिनियम लागू होतो. ठरलेल्या मुदतीत नकार न कळविता माल ठेवून घेतल्यास तो खरेदी केला, असे मानले जाते. म्हणूनच व्यवहाराचा प्रकार व परतीची तारीख लेखी असणे अगत्याचे आहे.

माल थेट विकला, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचा आधार मिळतो. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे कराराने ठरविलेल्या मुदतीत देणे आवश्यक असून ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

आणखी एक हक्क बहुधा दुर्लक्षित राहतो. स्वतंत्र कल्पनेने घडविलेली मूर्ती विकली, म्हणजे तिचा साचा काढून नकला करण्याचा हक्क विकला असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार तो हक्क लेखी व स्वाक्षरीनिशीच देता येतो.

यासाठी वकिली भाषेची गरज नाही. नगांची संख्या व छायाचित्रे, किंमत, कमिशन, वाहतुकीची जबाबदारी, परतीची व पैसे देण्याची तारीख एवढा मजकूर एका कागदावर मावतो. दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर उभयतांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी असा नमुना तयार करून दिल्यास हंगामापूर्वीच अनेक तंटे टळतील.