महागड्या ‘ऑडिओफाइल’ स्विचमुळे गाण्याचा आवाज खरंच सुधारतो का?

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे गाव. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी इथे नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म झाला. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. त्यांचे २०५ मनाचे श्लोक एकेकाळी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकत पाठ व्हायचे. आता सकाळी उठून कुणीतरी मोबाइलवर बोट फिरवतं आणि तेच श्लोक टीव्हीवर, साउंडबारवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर सुरू होतात. जांबमधल्या घरात होतात, तसेच अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरातही.

गाणी, भजनं, कीर्तनं नेटवरून ऐकण्याची सवय लागली, की मोबाइलवर एक वेगळीच दुनिया दिसायला लागते. खास संगीतासाठी बनवलेला नेटवर्क स्विच. खास संगीतासाठी बनवलेली लॅन केबल. ‘हा डबा लावला आणि गायक समोर येऊन बसला’ असं सांगणारे व्हिडिओ. किंमत विचारली तर काही हजारांपासून थेट लाखांपर्यंत.

सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर घरात चांगली म्युझिक सिस्टीम घ्यायची ठरवलेल्या माणसाने या डब्यावर पैसे घालावेत का? थोडक्यात उत्तर आहे, नाही. पण ते ‘नाही’ का, हे समजून घेतलं तर पैसे कुठे घालायचे तेही कळतं.

ही उपकरणं नेमकी काय करतात?

स्विच म्हणजे अनेक लॅन केबल एकमेकींना जोडणारी पेटी. राउटरमधून आलेली एक वायर टीव्ही, कॉम्प्युटर आणि म्युझिक प्लेअरला वाटून द्यायची असेल तर स्विच लागतो. पाच जोडण्यांचा साधा गिगाबिट स्विच हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो.

‘ऑडिओफाइल’ म्हणजे आवाजाच्या दर्जाचा ध्यास असलेला श्रोता. त्याच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचमध्ये जास्त अचूक घड्याळाचा क्रिस्टल, वेगळा वीजपुरवठा आणि जड धातूचं आवरण असतं. केबलमध्ये चांदी किंवा चांदीचा मुलामा दिलेलं तांबं असतं. ऑडिओक्वेस्ट कंपनीच्या ‘डायमंड’ या लॅन केबलची १२ मीटरची लांबी २०१५ च्या सुमारास दहा हजार डॉलरहून जास्त किमतीला विकली जात होती.

या वस्तू बनावट नसतात. त्या स्विच आणि केबल म्हणून व्यवस्थित चालतात. प्रश्न एवढाच, की साध्या स्विचने जे काम होतं त्याहून जास्त काय होतं?

गाणं म्हणजे नक्कल, पण पाठभेद नसलेली

दासबोधात २० दशक आहेत, २०० समास आहेत आणि साडेसात हजारांहून जास्त ओव्या आहेत. छापखाने येण्याआधी हा ग्रंथ हाताने नकलून मठामठांत पोचला. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची अशी हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत. हाताने नक्कल करताना काना-मात्रा सुटते, एखादा शब्द बदलतो. मग त्या नकलेवरून दुसरी नक्कल होते आणि चूक पुढे जाते. यालाच अभ्यासक पाठभेद म्हणतात.

कॅसेटचं तसंच होतं. कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढायची. त्या काळात वायर, हेड, टेप सगळ्याचा आवाजावर परिणाम व्हायचा. ‘चांगली वायर, चांगला आवाज’ ही समजूत तिथून आली आणि तेव्हा तिच्यात तथ्यही होतं.

नेटवरून गाणं येतं ते मात्र आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाचं पाच मिनिटांचं गाणं न आवळता पाठवलं तर सुमारे ५३ एमबीचं होतं. ते एकदम येत नाही. त्याचे जवळपास ३६ हजार छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. आता समजा, दासबोधाचा एकेक समास वेगळ्या पाकिटात घालून पाठवला. पाकिटावर समासाचा क्रमांक लिहिला आणि आतली सगळी अक्षरं मोजून तो आकडाही लिहिला. घेणारा पाकीट उघडतो आणि मोजतो. आकडा जुळला नाही तर पाकीट फेकून देतो आणि तोच समास पुन्हा मागवतो. मधलं पाकीट आलंच नाही, तरी पुन्हा मागवतो. सगळे समास क्रमाने लावल्यावरच वाचन सुरू.

नेटवर्क नेमकं हेच करतं. नुसती अक्षरं मोजण्यापेक्षा त्याची तपासणी कितीतरी कडक असते. लॅन केबलवरच्या प्रत्येक पॅकेटला ३२ बिटांचा तपासणी आकडा जोडलेला असतो. तो जुळला नाही तर पॅकेट बाद होतं. त्यावर टीसीपी ही पद्धत हरवलेलं पॅकेट परत मागवते. शिवाय गाण्याची अ‍ॅप्स सहसा बँकेच्या अ‍ॅपसारखीच कुलूपबंद जोडणी वापरतात. त्यात वाटेत एक बिट जरी बदलला तरी तो भाग नाकारला जातो.

म्हणून शेवटी स्पीकरपर्यंत पोचते ती मूळ फाइलची तंतोतंत नक्कल. पाठभेद शून्य. दीड हजारांच्या स्विचमधूनही तीच, दीड लाखाच्या स्विचमधूनही तीच.

आणि समजा काही बिघडलंच, तर ते कसं ऐकू येईल? गाणं थांबेल, तुटेल, टक्‌ असा आवाज येईल. ‘तबला जरा मोकळा झाला’ किंवा ‘आवाजात गोडवा आला’ असा बदल हरवलेल्या पॅकेटमुळे होत नाही. पत्र फाटलं तर मजकूर जातो, अक्षर सुबक होत नाही.

गाण्याला नेट लागतं तरी किती?

सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ अशा सर्वांत वरच्या दर्जाला, न आवळता, ९.२ मेगाबिट. प्रत्यक्षात फाइल आवळून येते, त्यामुळे याहूनही कमी. साधा गिगाबिट स्विच १,००० मेगाबिट वाहून नेतो. दोन माणसांसाठी समृद्धी महामार्ग मोकळा असताना, रस्ता आणखी गुळगुळीत केल्याने ती लवकर पोचणार नाहीत.

‘जिटर’ आणि पाण्याची टाकी

विक्रेत्यांचा पुढचा मुद्दा असा, की बिट बरोबर पोचले तरी ते वेळेवर पोचायला हवेत. वेळेतल्या या चढउताराला जिटर म्हणतात. स्विचचं घड्याळ अचूक असेल तर जिटर कमी होतो, म्हणून आवाज सुधारतो, असा दावा असतो.

हा मुद्दा मराठवाड्यातल्या माणसाला एका वाक्यात कळेल. उन्हाळ्यात टँकर कधी सकाळी येतो, कधी दुपारी. पण तो टाकी भरून गेला की नळाला पाणी एकसारखं येतं. नळाची धार टाकीवर आणि तोटीवर ठरते, टँकर किती वाजता आला यावर नाही.

म्युझिक प्लेअरमध्ये अशी टाकी असते. तिला बफर म्हणतात. पॅकेट आली की आधी त्यात साठतात. मग डॅक नावाची चिप स्वतःच्या घड्याळाच्या तालावर त्यातून एकेक आकडा उचलते आणि त्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करते. आवाजासाठी महत्त्वाचं घड्याळ हे डॅकजवळचं. स्विचचं घड्याळ टाकीच्या पलीकडे राहिलं.

रेकॉर्डिंग स्टुडिओत किंवा मोठ्या कार्यक्रमात ‘दांते’सारख्या यंत्रणेतून अनेक माइकचा आवाज नेटवर्कवरून त्याच क्षणी न्यायचा असतो. तिथे मोठी टाकी ठेवता येत नाही, म्हणून सगळ्या उपकरणांची घड्याळं एका तालात ठेवावी लागतात. पण तिथेही मानकांनुसार चालणारे नेहमीचे चांगले स्विचच वापरतात. फक्त त्यांची सेटिंग नीट करावी लागते.

विजेच्या खरखरीचं काय?

एका दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे. वायरमधून आकड्यांसोबत विजेचा नको असलेला गोंधळही येऊ शकतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचला तर घूंऽऽ असा आवाज येतो.

पण लॅनच्या मानकातच याचा बंदोबस्त आहे. प्रत्येक लॅन जोडणीत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. दोन उपकरणांमध्ये थेट विजेचा संबंध राहू नये आणि १,५०० व्होल्टचा ताण सहन व्हावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. गडबड होते ती बहुतेकदा बाहेर धातूचं आवरण असलेल्या केबलमुळे, कारण ते आवरण दोन उपकरणांची अर्थिंग एकमेकांना जोडतं. त्यावर उपाय म्हणजे आवरण नसलेली साधी कॅट-६ केबल. किंवा वायफाय, ज्यात वायरच नाही.

चाचण्यांमध्ये काय दिसलं?

२०१५ मध्ये ‘आर्स टेक्निका’ या अमेरिकी संकेतस्थळाने लास व्हेगासमध्ये एक चाचणी घेतली. सुमारे ३४० डॉलरची लॅन केबल आणि काही डॉलरची साधी केबल. कोणती जोडली आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. त्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही.

२०२० मध्ये ‘ऑडिओ सायन्स रिव्ह्यू’ने सहाशे डॉलरहून महाग असलेला ‘इथररीजेन’ हा स्विच यंत्रावर मोजला. तो लावण्याआधी आणि लावल्यानंतर डॅकमधून बाहेर पडणाऱ्या आवाजात फरक आढळला नाही.

त्याआधी, २००७ मध्ये, ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला होता. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं, यातला फरक ओळखायचा. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे जवळपास निम्मी. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. तिथे तर आकडे खरोखर बदललेले होते. स्विचच्या बाबतीत तेही बदलत नाहीत.

मग काहींना फरक का ऐकू येतो?

ते खोटं बोलत नसतात. नवी वस्तू घेतली की माणूस लक्ष देऊन ऐकतो आणि लक्ष देऊन ऐकलं की आधी निसटलेली टाळ, तंबोरा कानात भरतो. पैसे मोजलेले असतात, त्यामुळे मनाने निकाल आधीच दिलेला असतो. शिवाय आवाज किंचित मोठा असला तरी तो आपल्याला जास्त चांगला वाटतो.

फुकटातली चाचणी घरीच करता येते. लॅनवर चालणाऱ्या प्लेअरवर गाणं लावा, थोडं वाजू द्या आणि केबल उपटा. बफरमध्ये साठलेला भाग वाजत राहील. केबलमधून गोंधळ येत असेल तर त्या क्षणी आवाज बदलायला हवा. मोबाइलवर असाल तर गाणं डाउनलोड करून फ्लाइट मोडमध्ये ऐका आणि त्याच दर्जाच्या ऑनलाइन गाण्याशी ताडून बघा.

स्विच घेतलाच असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला दहा वेळा, न सांगता, तो लावायला किंवा काढायला सांगा. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर ओळखलं तर दखल घ्यावी, कारण नुसत्या अंदाजाने असं शंभरात एखाद्या वेळीच घडतं. पाच-सहा वेळा ओळखलं तर दुकानदाराला परत करण्याची मुदत विचारून ठेवा.

नेटवर्कमुळे आवाज बिघडतो तो कधी?

काही वेळा नेटवर्क खरोखर आड येतं. वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय आत पोचत नाही, तेव्हा गाणं अडकतं. अ‍ॅपची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर रेंज कमी झाल्यावर अ‍ॅप गुपचूप हलक्या दर्जाचं गाणं पाठवतं. आणि व्हिडिओ कॉलवरून कीर्तन ऐकत असाल तर हरवलेली पॅकेट पुन्हा मागवायला वेळच नसतो, म्हणून शब्द तुटतात.

या तिन्ही ठिकाणी उपाय साधे आहेत. राउटरची जागा बदलणं, साधी लॅन केबल टाकणं, गरज पडल्यास घरात दुसरा वायफाय पॉइंट बसवणं. लाइट गेल्यावर नेटही जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस. यातल्या कशालाच ‘ऑडिओफाइल’ हे नाव लागत नाही.

पैसे कुठे घालावेत?

सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून करावी. अ‍ॅपमध्ये जाऊन स्ट्रीमिंगचा दर्जा सर्वांत वरचा ठेवा आणि डेटा सेव्हर बंद करा. ब्लूटूथ गाणं पुन्हा आवळतं. त्यातली सगळीकडे चालणारी एसबीसी ही पद्धत साधारण ३२८ किलोबिटपर्यंतच जाते. शक्य असेल तिथे स्पीकर वायरने जोडा.

नंतर खोलीकडे बघा. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल तर आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि भिंतीशी भरलेलं कपाट एवढ्यानेही फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर बास गुरगुरतो, थोडा पुढे ओढला तर मोकळा होतो. हा फरक डोळे मिटूनही ओळखता येतो.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आवाज जावा म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. त्यात जिवाला धोका आहे.

हे सगळं झाल्यावर उरलेले पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवा. साखळीत सगळ्यांत जास्त फरक तिथेच पडतो. मात्र जुन्या कॅसेटवरून चढवलेलं भजन कितीही महाग सिस्टीमवर लावलं तरी त्यातली खरखर जाणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही, ते कोणताही स्विच आणू शकत नाही. आणि जे आहे, ते साधा स्विचही जसंच्या तसं आणून देतो.