खाऱ्या पाण्याचं घर : टँगचं पोट

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आज लिहायचं ठरलं होतं, पण तो विषय एक आठवडा पुढे ढकलतोय. सांगलीच्या एका वाचकताईंचं पत्र आलंय आणि ते थांबण्यासारखं नाही. त्यांच्याकडे पिवळा टँग आहे. टाकी चार फुटी, पाण्याची घनता १.०२५, तापमान २६ अंश, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. मासा दिवसातून दोनदा दाण्यांवर तुटून पडतो. तरीही पोट खपाटीला गेलंय आणि पाठीचा वरचा भाग धारदार दिसायला लागलाय. ‘जंत झाले असतील का?’ असं त्या विचारतात.

असतीलही. पण औषधाची बाटली उघडण्याआधी ते ‘दिवसातून दोनदा’ तपासायला हवं.

हवाईच्या किनाऱ्यावर हा मासा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चरत असतो. पुढे आलेलं निमुळतं तोंड खडकाच्या फटीत घालायचं, शेवाळाचे तंतू खुडायचे, वीतभर सरकायचं, पुन्हा खुडायचं. समुद्री कासवांच्या पाठीवर उगवलेलं शेवाळही तो सोडत नाही आणि कासवंही साफसफाई होईतो निवांत थांबतात. एका घासात मिळतं ते इतकं थोडं आणि इतकं निकस, की तोंड सतत चालू ठेवल्याशिवाय भागत नाही. त्याचं लांबलचक आतडं याच कामासाठी घडलेलं आहे. अशा माशाला सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं खायला घालणं म्हणजे शेळीला दोन वेळा मूठमूठ पेंड टाकून दिवसभर खुंटीला बांधून ठेवणं. पेंड उत्तम असेल, पण शेळी वाळणारच.

आता या पोटात आणखी थोडं आत जाऊ. हे विषयांतर आहे, पण कधीपासून त्यासाठी निमित्त शोधत होतो.

१९८५ साली तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या, म्हणजे आपल्या टँगच्याच भाऊबंदाच्या आतड्यात संशोधकांना एक विचित्र जीव सापडला. लांबट, विडीसारख्या आकाराचा, एकपेशीय आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. मोठ्यात मोठा नमुना ०.६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे या छापील मजकुरातल्या पूर्णविरामाएवढा. एवढा मोठा जीव जीवाणू असेल असं कोणाच्या डोक्यातही येईना, म्हणून त्याला आधी पॅरामिशियमसारख्या आदिजीवांच्या पंगतीत बसवलं. १९९३ साली एस्थर अँगर्ट, केंडल क्लेमेंट्स आणि नॉर्मन पेस यांनी त्याच्या जनुकांवरून सिद्ध केलं, की हा जीवाणूच आहे. नाव एपुलोपिशियम. तोवर माहीत असलेल्या जीवाणूंत सर्वांत मोठा. पुढे त्याचा तो मान गेला, पण मला अजूनही तोच जास्त आवडतो. कारण सांगतो. बहुतेक जीवाणू मधोमध दुभंगून एकाचे दोन होतात. हा पोटात पिल्लं वाढवतो आणि ती पिल्लं आईचं आवरण फोडून बाहेर येतात! त्याच्या काही भाऊबंदांचं वेळापत्रक तर माशाच्या दिनक्रमाशी बांधलेलं असतं. दिवसा मासा चरतो तेव्हा ते वाढतात, रात्री मासा कपारीत झोपला की पुढच्या पिढीचे बीजाणू तयार करतात.

तुमच्या टाकीतल्या पिवळ्या टँगच्या पोटात नेमका हाच भाडेकरू राहतो असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की या कुळातल्या शाकाहारी माशांचं पोट म्हणजे एक नांदतं घर आहे. ते दिवसभर येत राहणाऱ्या शेवाळावर चालतं. आणि आपण विकत घेतो तो मासा बहुधा उपाशीपोटी आलेला असतो, कारण प्रवासात पिशवीतलं पाणी नासू नये म्हणून पाठवण्याआधी त्याला मुद्दाम खायला घालत नाहीत.

तेव्हा ताई, उपाय स्वस्त आहे. नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागद, आणा. सुशीसाठी मिळते ती साधी, भाजलेली चालते. तेल-मीठ-मसाला लावलेली, खाऊ म्हणून पाकिटात मिळणारी मात्र नको. पाव कागद घ्या, काचेला चिकटणाऱ्या चिमट्यात अडकवा किंवा रबरबँडने दगडाला बांधा आणि सकाळीच टाकीत सोडा. दुपारपर्यंत फस्त झाला तर आणखी एक तुकडा. संध्याकाळी उरलंसुरलं काढून टाका, नाहीतर नायट्रेट चढेल. काही टँग पहिले दोन-चार दिवस नोरीकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून हिरमुसू नका, रोज नवा तुकडा लावत राहा. दाणेही चालू ठेवा. पालक आणि लेट्यूसने पोट भरतं, अंग भरत नाही. लसणाच्या रसाबद्दल जे बोललं जातं, त्यातलं फारसं मनावर घेऊ नका. तीन-चार आठवड्यांत पोट भरून आलं नाही आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसत असेल, तर मग जंतांचा विचार करू.

सगळे टँग एका पंक्तीत बसत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. ‘फाइंडिंग नीमो’तल्या डोरीमुळे घराघरांत पोचलेला निळा टँग समुद्रात मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी टिपतो. नोरी तो खातो, पण त्याला मायसिस कोळंबीसारखं मांसाहारी खाणंही लागतं. कोले टँग खडकावरचा बारीक थर ब्रशसारख्या दातांनी खरवडून खातो, म्हणून नव्या कोऱ्या टाकीत त्याची उपासमार होते. तो जुन्या, दगडांवर थर धरलेल्या टाकीतच सोडावा.

कोकणातल्या वाचकांची चैन आहे. पावसाळा सरला की खडकाळ किनाऱ्यांवर अल्व्हाची हिरवी, पातळ पानं उगवतात. टँगला त्याहून चांगलं काय मिळणार! स्वच्छ किनारा निवडा. मुंबईच्या आसपासचं नको, गटारांच्या आणि बंदरांच्या तोंडाशी तर मुळीच नको. घरी खाऱ्याच पाण्यात नीट खळबळून घ्या, कारण पानांत खेकड्यांची पिल्लं आणि गोगलगायी दडून येतात. शेवाळ खुडताना हाताशी आलेला प्रवाळाचा तुकडा मात्र खिशात घालू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि ज्यांचा टँग अजून घ्यायचाय, त्यांना एक विनंती. दुकानात रंग बघून भुलू नका. मासा समोरून बघा, पोट आत ओढलेलं नाही ना ते पाहा आणि दुकानदाराला तुमच्यादेखत त्याला खायला घालायला सांगा. मासा खात नसेल, किंवा दुकानदार ‘आत्ताच खाल्लंय’ म्हणून टाळत असेल, तर पैसे न देता परत या.