पृथ्वी लहान, किल्ली मोठी

समुद्र, वाळवंटं, हिमालय, सगळं धरून पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्यावर एक मीटर लांब-रुंद चौकोन आखत गेलं तर ते होतात ५१० लाख कोटी. आकडा अफाट वाटतो. संगणकाच्या हिशेबात मात्र तो अवघ्या ४९ बिटांत बसतो. शून्य किंवा एक, असे ४९ अंक ओळीने लिहिले की माणूस या घटकेला जगात नेमका कुठे उभा आहे, ते मीटरभराच्या अचूकतेने सांगून झालं. रात्री उशिरा घरी निघालेली मुलगी आईला व्हॉट्सॲपवर ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवते, तेव्हा ती जे पाठवते ते एवढंच. जिवाशी गाठ असलेलं गुपित, आणि ते इतकं छोटं. या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच.

छोटं गुपित नुसतं झाकून लपत नाही. काही ॲप बनवणाऱ्यांना वाटतं, ठिकाणाचा साधा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला गणिती ठसा, ठेवला की काम भागलं. हॅश उलटा फिरवता येत नाही, हे खरं. पण उलटा फिरवायची गरजच पडत नाही. एकेका चौकोनाचा हॅश काढून जुळवून पाहिलं की झालं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ३०,७०० कोटी चौकोन. गेम खेळायच्या संगणकातलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजार कोटी हॅश सहज काढतं. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रत्येक मीटर तपासून व्हायला लागतात ३१ सेकंद. सगळी पृथ्वी चौदा तासांत. समुद्र वगळले तर चारच तास.

नावं काढून टाकण्याचा उपायही असाच फसवा. २०१३ मध्ये १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी संशोधकांनी नावाविना तपासल्या. कुठे आणि कधी अशा फक्त चार नोंदी हाती असल्या, तरी १०० पैकी ९५ माणसं गर्दीतून वेगळी निघाली. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांच्या हाती १.२ कोटी अमेरिकन फोनांच्या ५,००० कोटी नोंदी आल्या. त्यातही नावं नव्हती. रात्री फोन कुठे थांबतो आणि दिवसा कुठे जातो, एवढ्यावरून त्यांनी माणसं शोधून काढली. यात कुणी कुलूप फोडलं नव्हतं. ॲपनी ती माहिती गोळा करून पुढे दिली होती.

मग उरतं ते मजकूर सांकेतिक करणारं कुलूप, आणि शून्य-एकांची गुप्त ओळ असलेली त्याची किल्ली. १९७० च्या दशकातल्या डीईएस या कुलपाच्या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. तिच्या शक्य किल्ल्या पृथ्वीवरच्या चौकोनांच्या १४१ पट. तरी १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने खास यंत्र बांधून ती ५६ तासांत शोधली. २००१ मध्ये डीईएसच्या जागी अमेरिकेने एईएस हे मानक स्वीकारलं. ते योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांचं काम. एकेक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात, त्यामुळे १२८ बिटांशी गणित पार बदलतं. जगातल्या ८०० कोटी माणसांना सेकंदाला लाख कोटी किल्ल्या लावून बघणारं एकेक यंत्र दिलं, तर सगळ्या किल्ल्या संपायला १३५ कोटी वर्षं लागतील.

व्हॉट्सॲप वापरतं ती २५६ बिटांची. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यास्थानं परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. असे चार परार्ध एकमेकांनी गुणायचे, आलेल्या संख्येला पुन्हा सुमारे ११६ कोटींनी गुणायचं, तेव्हा कुठे या किल्ल्यांची मोजदाद होते. वरची १३५ कोटी वर्षं इथे आणखी ३४ वर ३७ शून्यं इतक्या पटींनी वाढतात. आणि आपल्या फोनला हे कुलूप लावायला सेकंदाचा लाखावा भागही लागत नाही.

पण मोठी किल्ली पुरेशी नाही. गेटवे ऑफ इंडियासमोरून पाठवलेलं ठिकाण म्हणजे १८.९२२०, ७२.८३४७ अशी जोडी. हीच जोडी त्याच किल्लीने, तशीच पुन्हा कुलूपबंद केली, तर बाहेर येणारा मजकूरही तसाच येईल. मग एखादीचा फोन रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत एकच सांकेतिक ओळ पाठवत राहिला, तर काहीही न फोडता कळतं की ती घरी आहे आणि झोपली आहे. म्हणून चांगल्या पद्धतीत दर वेळी काहीतरी नवं मिसळावंच लागतं. व्हॉट्सॲपमध्ये तर प्रत्येक संदेशाची किल्लीच नवी असते. तरी कुणी कुणाला आणि किती वाजता पाठवलं, हे या कुलपाच्या बाहेरच राहतं.

खरा प्रश्न किल्ली कुणाकडे आहे हा. पुष्कळ ॲप आपलं ठिकाण वाटेत कुलूपबंद ठेवतात आणि सर्व्हरवर पोचलं की उघडतात. तिथे २५६ बिटांची जाहिरात करण्यात अर्थ नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपच्या संदेशांना एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत कुलूप असतं. २०१७ मध्ये आलेल्या लाइव्ह लोकेशनलाही ते आहे. उघडायची किल्ली फक्त त्या फोनांतच राहते.

आणि त्या फोनांना पिन असतो चार किंवा सहा अंकांचा: दहा हजार किंवा दहा लाख शक्यता. साठ जणांच्या ग्रुपवर लोकेशन टाकलं की ते साठ फोनांत उघडतं, आणि त्यातल्या एखाद्याचा पिन १२३४ असू शकतो. व्हॉट्सॲप १५ मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय देतं. ग्रुपवर १५ मिनिटंच निवडा, आणि पोचलात की शेअरिंग थांबवा.